अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह : आपल्या हाताने, पण समजून



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी किमान वेतन, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. गेली तीस वर्षे मी गेटवर, चाळीच्या गच्चीवर आणि लेबर कमिशनरच्या व्हरांड्यात तेच बोलत आलो आहे. पण आज मी गिटारच्या अँप्लिफायरमधील व्हॉल्व्ह आपल्या आपण कसे बदलावेत, या विषयावर बोलणार आहे. चालकांपैकी एकांनी मला हळूच विचारले, "याचा कामगार चळवळीशी संबंध काय?" मी म्हटले, "व्याख्यान झाल्यावर पुन्हा विचारा. तेव्हाही संबंध दिसला नाही, तर चूक माझी."

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे तो किती थोडा आहे ते कळेल. मी इंजिनियर नाही. माझे वडील गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात घर बसले आणि नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्री, जुन्या पुस्तकांच्या आधाराने आणि जाणत्या माणसांच्या शेजारी बसून. विजेबद्दल जे मला कळते ते मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने शिकवले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते फी घेत नसत. पण चहा मात्र आपण आणायचा, असा नियम होता.

आमच्या युनियनचे एक कलापथक आहे. ढोलकी आहे, हार्मोनियम आहे, आणि अलीकडे एक गिटारही आली आहे. गिटार वाजवणारा पोरगा वेल्डर आहे. त्याने एका निवृत्त गोवेकर वादकाकडून एक जुना अँप्लिफायर विकत घेतला. मुंबईच्या हॉटेलांतून आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांतून गोव्याच्या वादकांनी किती काम केले आहे, हे आपण जाणताच. त्यांच्या घरांतून अशी यंत्रे अजून निघतात. इंग्रजी बनावटीचा, पाच व्हॉल्व्हचा तो अँप्लिफायर होता. दोन वर्षे छान चालला. मग एका मे महिन्यात त्यातून तळणीसारखा चरचर आवाज येऊ लागला. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर त्यांनी सांगितले की आतला ट्रान्सफॉर्मर गेला आहे, आणि खर्चाचा जो आकडा सांगितला तो पोराच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता.

पोरगा अँप्लिफायर उचलून युनियनच्या कचेरीत घेऊन आला. म्हणाला, "दादा, आपणच उघडून बघू." त्याने प्लग काढला, पेचकस घेतला आणि मागचे सगळे स्क्रू सोडवायला बसला. मी ओरडलो, "थांब! हात काढ!" तो दचकला. म्हणाला, "दादा, प्लग काढलाय की!"

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. ते कुठे ऐकले, ते आधी सांगितले पाहिजे.

साल १९९४. मी एका कारखान्यात हेल्पर होतो. तिथल्या वेल्डिंग खात्यात विजेचे एक पॅनेल होते आणि त्यात कंडेन्सरची रांग होती. आमच्या वायरमनने मेन स्विच पाडला, पॅनेलचे दार उघडले आणि कंडेन्सरच्या तारेला हात लावला. तो फेकला गेला. वाचला; पण उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी झाली. चौकशीत साहेबाने विचारले, "मेन बंद होता ना?" तो म्हणाला, "होता." "मग शॉक कसा बसला?" तो म्हणाला, "माहीत नाही." मी शेजारी उभा होतो, साक्षीदार होतो. मला विचारले, तर मीही म्हणालो, "माहीत नाही." कागदावर शेरा पडला : कामगाराचा निष्काळजीपणा.

पुढे मास्तरांच्या दुकानात मला कळले की कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण. नळ बंद केला म्हणून रांजणातले पाणी नाहीसे होत नाही. ते हळूहळू निचरून जावे म्हणून त्याच्या दोन टोकांना एक रेझिस्टन्स जोडलेला असतो. आमच्या पॅनेलमधला तो रेझिस्टन्स जळून तुटलेला होता. मी तो काळा झालेला तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण तो काय आहे हे मला ठाऊक नसल्यामुळे मी पाहूनही पाहिला नाही. त्या दिवशी मला एवढे ज्ञान असते, तर तो शेरा बदलला असता. म्हणून आजच्या व्याख्यानाचे सार मी आरंभीच सांगून टाकतो : बंद केलेले यंत्र आणि शांत झालेले यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला हा भेद कळला, त्याने व्हॉल्व्ह स्वतः बदलावेत. ज्याला कळला नाही, त्याने मागचा पत्राही काढू नये.

आता मुळात व्हॉल्व्ह म्हणजे काय? हवा काढून घेतलेली काचेची कुपी. तिच्या पोटात मधोमध एक बारीक तापतार असते. तिच्याभोवती कॅथोड नावाची नळी, आणि त्या नळीवर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप. तापतार लाल झाली की हा लेप तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. बाहेरच्या बाजूला प्लेट असते. तिच्यावर शेकडो व्होल्टचा धन दाब असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. या दोघांच्या मध्ये विरळ तारेची एक जाळी, म्हणजे ग्रिड. जाळीवर थोडासा ऋण दाब ठेवला की धावणारे इलेक्ट्रॉन अडतात. दाब किंचित कमीजास्त केला की प्रवाह कमीजास्त होतो.

ज्यांनी पाटाचे पाणी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. पाटकरी दाराची फळी चार बोटे वर करतो, आणि त्या चार बोटांवर खालच्या सगळ्या शेतांचे पाणी ठरते. पाणी पाटकऱ्याच्या अंगचे नव्हे, ते धरणाचे. त्याच्या हातात फक्त दार. गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून निघणारा विजेचा ठोका फार तर व्होल्टच्या काही शतांशांचा किंवा दशांशांचा असतो. तो जाळीवर जातो आणि तिकडे शेकडो व्होल्टच्या दाबाखालचा प्रवाह त्याच तालावर हलू लागतो. व्हॉल्व्ह या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी झडप असा आहे.

हा शोध एकट्याचा नव्हे. दिव्याच्या कुपीत तारेपासून दूर ठेवलेल्या पत्र्याकडेही वीज जाते, हे एडिसनने १८८३ च्या सुमारास पाहिले होते. पण त्याचा पुढे उपयोग केला नाही. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने दोन अवयवांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात जाळी घातली. पुढची चाळीस-पन्नास वर्षे रेडिओ, टेलिफोन, सिनेमा, पहिले संगणक, सगळे या काचेच्या कुपीवर चालले. गिटारच्या अँप्लिफायरमध्ये आज सर्वांत जास्त दिसणारा बारका व्हॉल्व्ह म्हणजे १२ एएक्स ७. युरोपात त्यालाच ईसीसी ८३ म्हणतात. तो १९४७ साली बाजारात आला. गंमत अशी की त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरही जन्मला, आणि पुढे त्याने व्हॉल्व्हला जवळजवळ सगळ्या घरांतून हाकलून दिले. गिटारवाल्याच्या घरातून मात्र त्याला हाकलता आले नाही.

का नाही? कारण गिटारवाल्याला कधीकधी यंत्राच्या ताकदीपलीकडचा आवाज काढायचा असतो. साध्या ट्रान्झिस्टर यंत्राला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटले की ते आवाजाचे टोक एकदम कापते, आणि कानाला ते कर्कश लागते. व्हॉल्व्ह त्याच मर्यादेशी आला की हळूहळू दमतो. टोक कापण्याऐवजी गोल करतो. त्या दमण्यात एक गोडवा आहे, आणि जगातले पुष्कळसे गिटारवादन त्या गोडव्यावर उभे आहे.

इथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे : लिओ फेंडर. शिक्षण हिशेबनीसाचे, विजेचे काम स्वतः शिकलेला. १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. वादक आपापली बिघडलेली यंत्रे त्याच्याकडे आणीत. दुरुस्त करता करता काय मोडते आणि का मोडते हे त्याला कळले, आणि त्यातून त्याचे अँप्लिफायर आणि गिटारी निर्माण झाल्या. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा गृहस्थ वाद्यांचे दुकान चालवीत असे. १९६२ साली त्याच्या दुकानातील कारागिरांनी फेंडरच्या बासमन या अँप्लिफायरचा नमुना समोर ठेवून आपला पहिला अँप्लिफायर बांधला. म्हणजे या साऱ्या उद्योगाचा पाया दुरुस्तीच्या बाकावर घातला गेला आहे. आपणही त्याच बाकावर बसणार आहोत. फक्त बसण्याची रीत शिकून घ्यायची.

व्हॉल्व्ह हा झिजणारा अवयव आहे. दिव्यासारखा तो मुळातच सॉकेटमध्ये बसवलेला असतो, डाग देऊन जोडलेला नसतो. कारण तो बदलावा लागणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. कॅथोडवरचा लेप वापराने संपत जातो. अँप्लिफायरमध्ये दोन जातींचे व्हॉल्व्ह असतात. इनपुटच्या बाजूचे बारके, ईसीसी ८३ सारखे; ते आवाज वाढवून पुढे देतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकतात. स्पीकरच्या बाजूचे मोठे, पॉवर व्हॉल्व्ह. ईएल ८४, ईएल ३४, ६ व्ही ६, ६ एल ६ ही त्यांची नावे. ओझे ओढण्याचे काम यांचे, म्हणून झीजही यांची जास्त. रोज जोरात वाजणाऱ्या यंत्रात ते वर्षा-दोन वर्षांत थकतात. काही यंत्रांत रेक्टिफायरचा आणखी एक व्हॉल्व्ह असतो. तो घरातल्या उलटसुलट विजेला एकेरी करतो.

आता लक्षणे. चरचर, फुसफुस, आवाज मधेच बुडणे, किंवा यंत्राला टिचकी मारली की घंटेसारखा नाद येणे, ही बहुधा बारक्या व्हॉल्व्हची लक्षणे. एकूण जोर कमी होणे, खर्ज ढिला पडणे, फ्यूज पुन्हा पुन्हा उडणे, ही बहुधा पॉवर व्हॉल्व्हची. एक सोपी परीक्षा सांगतो. चरचर चालू असताना आवाजाचे बटण खाली आणा. चरचरही कमी झाली, तर दोष त्या बटणाच्या आधीच्या व्हॉल्व्हमध्ये. तशीच राहिली, तर नंतरच्या. एवढ्याने निम्मे संशयित सुटतात.

डोळ्यांनाही काही गोष्टी कळतात. कुपीच्या आत, बहुधा टोकाला, आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो ठेवलेला असतो. तो दुधासारखा पांढरा झाला, तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतून निळसर झाक दिसली तर घाबरू नये, ती बहुधा निरुपद्रवी असते. पण अवयवांच्या मधल्या जागेत जांभळी-गुलाबी धुगधुगी दिसली, तर आत वायू आहे, तो काढावा. तापतारेचा नारिंगी उजेड ही तर नेहमीची गोष्ट. मात्र उजेड दिसतो म्हणून व्हॉल्व्ह चांगला आहे, असे समजू नये. आमच्या चळवळीतही उजेड पाडणारे पुष्कळ भेटतात; काम किती होते ते वेगळे पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष हात घालण्याची रीत. मी तीन दारे कल्पितो.

पहिले दार बारक्या व्हॉल्व्हचे. हे सर्वांना उघडे आहे. यंत्र बंद करा. प्लग भिंतीतून काढा; नुसते बटण पाडून भागत नाही. मग अर्धा तास थांबा. हा अर्धा तास दोन कारणांसाठी : काच बोट भाजण्याइतकी तापलेली असते, आणि रांजणातल्या विजेला निचरायला वेळ मिळतो. बहुतेक यंत्रांत मागची फळी काढली की व्हॉल्व्ह हाती लागतात. आतला पत्र्याचा सांगाडा, म्हणजे चेसिस, उघडावा लागत नाही. तो उघडू नका. प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या जागी होता त्याची खूण करा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बारक्या व्हॉल्व्हवर धातूची टोपी असेल, तर ती किंचित दाबून फिरवली की निघते. मग काच मुळाशी धरून सरळ वर ओढा. फार तर अगदी थोडे डोलवा. पिळू नका. खाली नऊ पिना असतात आणि एका ठिकाणी दोन पिनांमध्ये जास्त अंतर असते. नवा बसवताना ते अंतर सॉकेटमधल्या अंतराशी जुळवा. पिन वाकली असेल तर आधी हलकेच सरळ करा. जोर लावावा लागतो आहे असे वाटले, की समजावे आपण चुकत आहोत.

एका वेळी एकच व्हॉल्व्ह बदला. चांगला म्हणून खात्री असलेला एक व्हॉल्व्ह हाताशी ठेवा. तो इनपुटजवळच्या पहिल्या जागी लावून वाजवून पाहा. चरचर गेली, तर चोर सापडला. गेली नाही, तर यंत्र पुन्हा बंद, प्लग बाहेर, पुन्हा थांबा, जुना जागेवर, आणि नवा दुसऱ्या जागी. एकदम सगळे बदलले, तर यंत्र कदाचित सुधारेल, पण आपण काहीच शिकणार नाही, आणि तीन चांगले व्हॉल्व्ह फेकून दिले जातील. मुंबईच्या दमट हवेत पुष्कळदा व्हॉल्व्ह चांगलाच असतो, पिनांवर मळ धरलेला असतो. पिना पुसून व्हॉल्व्ह दोन-तीन वेळा आत-बाहेर केला की काम होते. सॉकेटच्या भोकात मात्र तार, सुई, ओला ब्रश यांतले काही घालू नका. त्या भोकांपैकी काहींच्या मागे तोच रांजण उभा असतो.

दुसरे दार पॉवर व्हॉल्व्हचे. इथे एक प्रश्न आधी विचारावा लागतो : या यंत्राचा बायस कोणत्या जातीचा? जाळीवर जो ऋण दाब ठेवतात, म्हणजे पाटकऱ्याची फळी विश्रांतीच्या वेळी किती उघडी ठेवायची, त्याला बायस म्हणतात. काही यंत्रांत कॅथोडच्या वाटेवर एक रेझिस्टन्स ठेवून ही फळी आपोआप सांभाळली जाते. त्याला कॅथोड बायस म्हणतात. इंग्लंडचा प्रसिद्ध व्हॉक्स एसी ३० हा त्याच जातीचा, चार ईएल ८४ वर चालणारा. अशा यंत्रात जुने काढून त्याच क्रमांकाचे, एकमेकांशी जुळवलेल्या जोडीचे नवे व्हॉल्व्ह बसवता येतात. हाताने काही लावावे लागत नाही. दुसऱ्या जातीला फिक्स्ड बायस म्हणतात. नाव फसवे आहे. फिक्स्ड म्हणजे कायमचा ठरलेला, आता बघायला नको, असे अनेकांना वाटते. खरे ते उलट. इथे दाब बाहेरून दिलेला असतो, व्हॉल्व्ह बदलला तरी तो स्वतःहून बदलत नाही, म्हणून माणसाने तपासावा लागतो.

आकड्यात सांगतो. ईएल ३४ च्या प्लेटची सोसण्याची मर्यादा २५ वॉट. स्वस्थ बसलेल्या अवस्थेत तिच्यावर सुमारे ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॉटपेक्षा अधिक भार नसावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील, तर साडेसतराला ४५० ने भागा : सुमारे ३९ मिलिअँपिअर. प्रवाह याहून फार वाढला तर प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह तर जातोच, पण ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. फार कमी झाला तर आवाज रोडका आणि खरखरीत होतो. काही यंत्रांत हे मोजण्यासाठी बाहेर छिद्रे ठेवलेली असतात. तिथे मीटर लावून, बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, आपण काम करू शकतो. तशी सोय नसेल, तर ते काम तिसऱ्या दाराआडचे आहे.

तिसरे दार चेसिसचे. ते उघडल्यावर आत ३०० ते ५०० व्होल्टचा मुलूख लागतो. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात पाच ज्यूल शक्ती असते. एक किलोचे वजन अर्धा मीटर उचलण्याइतकी. ऐकायला क्षुल्लक. पण प्रश्न ती किती आहे एवढाच नाही. ती कोणत्या वाटेने जाते हाही आहे. एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडली, तर माणूस जाऊ शकतो. आणि इथे एक बारकावा आहे. चांगले, तापलेले व्हॉल्व्ह जागेवर असताना यंत्र बंद केले, तर थंड होता होता तेच रांजणातली बरीचशी वीज पिऊन टाकतात. पण स्टँडबायचे बटण पाडून मग मेन बंद केला, किंवा व्हॉल्व्ह मेलेले अथवा काढलेले असले, तर पिणारा कोणी नाही. निचऱ्याचा रेझिस्टन्स नसेल किंवा तुटला असेल, तर भरलेला रांजण तसाच बसून राहतो. म्हणजे जे यंत्र पाहायला सर्वांत निर्जीव, तेच सर्वांत धोक्याचे.

जाणते कारागीर इथे १० हजार ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टन्स विद्युतरोधक वेष्टनाच्या तारांना जोडून कंडेन्सर रिकामा करतात, आणि मग मीटर लावून शून्य आले की नाही ते पाहतात. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढणारेही असतात. त्यांचे अनुकरण करू नये, त्याने कंडेन्सरही खराब होतो आणि हातही. हे मी सांगितले ते माहितीसाठी. ऐकून किंवा वाचून तिसरे दार उघडू नका. कोणा मास्तरांच्या शेजारी बसून, त्यांच्या देखत, दहा वेळा करा, मग एकट्याने. मी स्वतः आठ महिने नुसता मीटर धरून बसलो होतो.

आणखी तीन गोष्टी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधी चालवू नये. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नवे व्हॉल्व्ह घातल्यावर पहिली पाच मिनिटे यंत्रासमोरून हलू नये. पत्रा लाल दिसला की तत्काळ बंद. आणि अमेरिकन यंत्र असेल तर ते बहुधा १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टला ते योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये.

व्हॉल्व्ह कितीही चांगले असले, तरी अर्थिंग नसेल तर सगळे व्यर्थ. गिटारची तार अँप्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेली असते; म्हणजे वादकाची बोटे कायम यंत्रावरच असतात. त्याने ओठ मायक्रोफोनला लावले, आणि दोघांपैकी एकाचे अर्थिंग तुटलेले असले, तर वीज त्याच्या देहातून वाट काढते. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक मंचावर, श्रोत्यांसमोर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. आपल्याकडे मांडवातली वीज कशी घेतात, हे मी सांगायला नको. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात बसत नाही म्हणून तिसरी पिन कापून टाकणारे हात मी पाहिले आहेत. ते हात वाईट नव्हते. त्यांना ती पिन कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेले नव्हते.

व्हॉल्व्ह मिळतात कुठे, असेही विचारले जाते. पूर्वी इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी मुलार्ड कंपनीचा मोठा कारखाना होता. आपल्याकडे बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. त्यांचे ईएल ८४ जुन्या बाजारात अजून दिसतात. हे कारखाने आता व्हॉल्व्ह बनवीत नाहीत. आज गिटारवाल्यांचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियातून येणारा माल काही काळ अडला, आणि जगभरच्या वादकांची धावपळ उडाली. दूरच्या कारखान्यातल्या कामगाराच्या हातांवर आपले गाणे उभे असते, हे तेवढ्यापुरते सर्वांना दिसले.

आमच्या पोराच्या अँप्लिफायरचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पहिल्या जागेचा ईसीसी ८३ गेलेला होता. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. काम अर्धा तास थांबण्याचे आणि पाच मिनिटे हाताचे. पोराने नंतर मागच्या फळीवर आतून कागद चिकटवला, त्यावर लिहिले : "आधी प्लग. मग अर्धा तास. मग हात." कलापथकात नवा कोणी आला की आधी तो कागद वाचून घेतात.

चालकांचा प्रश्न मी विसरलेलो नाही. कामगाराच्या हातात हत्यार असते. पण त्या हत्याराचे ज्ञान पुष्कळदा दुसऱ्याच्या कपाटात असते. त्यामुळे यंत्र बिघडले की बिल त्याच्या नावावर, आणि अपघात झाला की शेरा त्याच्या नावावर. तो वायरमन आता निवृत्त झाला आहे. मागच्या दिवाळीत मी त्याच्या घरी गेलो आणि त्या जळक्या तुकड्याचा अर्थ त्याला समजावून सांगितला. तीस वर्षे त्याला वाटत होते की चूक आपलीच होती. तो बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हाच कोणी सांगायला पाहिजे होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी आज इथे बोललो.

इथे टेबलावर मी चार जुने व्हॉल्व्ह ठेवले आहेत. त्यांपैकी एकाचा डाग पांढरा झालेला आहे. ज्यांना हातात घेऊन पाहायचे असतील त्यांनी जरूर यावे. मुलांनाही येऊ द्यावे. हे थंड आहेत. मी आधी पाहून ठेवले आहे.